ओळखीनं लागलीस, तरी पगार विचार

बाई, भाऊजींच्या ओळखीतून अकोल्याच्या एका डाळमिलच्या ऑफिसात तुला बोलावणं आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. बी.कॉम. होऊन घरी बसलीस तेव्हापासून तुझा जीव टांगणीला लागला होता, ते मला दिसत होतं. पण पगार किती ठरला म्हणून विचारलं, तर तू गप्प. मागून आईचा आवाज आला, "मोठ्या मानसाले पैसे इचारते का कोनी? लावून घेतलं हेच लय झालं."

आईचं मन मला कळतं. तरी या एका गोष्टीत तिचं ऐकू नकोस.

आपल्या बार्शीटाकळीत काय, अख्ख्या वऱ्हाडात काय, खासगी नोकरी जाहिरातीतून कमी आणि बोलण्यातून जास्त लागते. कोणी बाजार समितीत ऐकतं, कोणी सीएच्या ऑफिसात, कोणी लग्नाच्या पंगतीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ओळखीनं लागलेल्या मुलीला आपल्यावर उपकार झाल्यासारखं वाटतं आणि ती तोंड बांधून घेते. मी स्वतः हिशेबाचं काम करते, त्यात अशा किती मुली पाहिल्या! महिना भरला की पाकीट हातात पडतं, त्यात ठरल्यापेक्षा कमी असतं, आणि मुळात काही ठरलेलंच नसल्यामुळे कमी कशाला म्हणायचं तेही कळत नाही. बोलावं तर भाऊजींचा शब्द जातो. मग ती निमूट काम करते आणि एक दिवस घरी बसते. घरचे म्हणतात, पोरीला टिकता आलं नाही.

शेठ तुला घेतो आहे तो त्याची गरज म्हणून. जानेवारीपासून नवी तूर येते, मागोमाग हरभरा येतो, मिल रात्रंदिवस चालते आणि ऑफिसात माणूस कमी पडतो. भाऊजींनी दार दाखवलं, तिथून पुढचं काम तुझ्या हातचं आहे. कामाचा दाम विचारण्यानं कोणाचाच शब्द खाली पडत नाही.

विचारायचं कसं, तर साधं. शेठशी बोलणं झालं की जे मुनीमजी किंवा ऑफिस सांभाळणारे दादा असतील, त्यांना नमस्कार करून म्हण, "दादा, पगार किती धरला? त्यातून कापून हातात किती येईल? सुटायची वेळ कोणती, आणि पीएफ भरता ना?" हे आरशासमोर दोनदा बोलून जा. चांगला मालक याला रागावत नाही. उलट हिशेबाला घेतलेली मुलगी स्वतःचा हिशेब विचारते, याचं त्याला बरंच वाटतं. जो रागावला, त्याच्याकडे पुढे काय होणार ते तुला पहिल्या दिवशीच कळलं.

आता आकडे नीट समजून घे, कारण फसगत इथेच होते. समज, १२,००० ठरले आणि ते सगळे मूळ पगार म्हणून धरले. वीस किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ लागतो. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० तुझ्या पगारातून जातील आणि तेवढेच मालकानं स्वतःच्या खिशातून घालायचे. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागतो. त्याचे पाऊण टक्का तुझे, म्हणजे ९० रुपये, आणि सव्वातीन टक्के मालकाचे. व्यवसाय कर म्हणून काही कापायला लागले तर सांग, की महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो लागत नाही. म्हणजे हातात १०,४७० आले पाहिजेत. काही ठिकाणी मालकाचा वाटाही गुपचूप कामगाराच्याच पगारातून कापतात. ते कायद्यात बसत नाही. म्हणून पगाराची चिठ्ठी माग, आणि पीएफचा बारा आकडी नंबर मिळाला की उमंग ॲपवर पासबुक उघडून दर महिन्याला पैसे खरंच जमा होतात का ते बघ. नुसतं "भरतो आम्ही" यावर विसंबू नकोस.

याला जोडूनच येण्याजाण्याचं बघ. अकोला आपल्यापासून वीसेक किलोमीटर, एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बसचा भार फार नाही. पण मिल एमआयडीसीत असेल तर शिवणीच्या बाजूला स्टँडवरून पुढे पुन्हा ऑटो करावा लागतो. ते सगळं महिन्याचं करून पगारातून वजा कर. आणि सुटायची वेळ विचार म्हटलं ते यासाठीच. सीझनमध्ये "आज जरा थांब" हे शब्द रोज कानावर येतात. संध्याकाळची कोणती बस चुकली तर पुढे काय, याचा विचार नोकरी घेताना झाला पाहिजे, अंधारात स्टँडवर उभं राहून नाही. "मला अमुक वेळेला निघावं लागेल, सीझनमध्ये थांबले तर सोडायची सोय कराल का?" हे आधी बोललेलं खपून जातं. नंतर बोललं की कुरकुर ठरते.

भेटीला जाताना बायोडाटा एका पानाचा ने. झेरॉक्सच्या दुकानात जो तयार नमुना मिळतो, त्यात वर इंग्रजीत ध्येय-बियेय लिहिलेलं असतं. जे वाक्य तुला मोठ्यानं वाचून समजावता येत नाही, ते काढून टाक. उंची, रंग, मामाचं कूळ हे लग्नाच्या बायोडाट्यात. इथे शिक्षण, टॅली, एमएस-सीआयटी, टायपिंग, आणि मामाच्या दुकानात दोन दिवाळ्या उधारीची वही सांभाळलीस ते लिही. तू त्याला काम धरत नाहीस, मी धरते. उधारीवाल्याकडून न भांडता पैसे आणणं कोणत्या कॉलेजात शिकवतात?

"टॅली येते" एवढं म्हणून भागत नाही, खुर्चीवर बसवून विचारतात. खरेदी, विक्री, रोख, बँक या चार नोंदी हातात बसू दे. बँकेच्या पासबुकाशी खातं जुळवून दाखवता आलं तर तू निम्म्या मुलींच्या पुढे गेलीस. आणि डाळमिलला जाते आहेस तर डाळीचा जीएसटी वाचून जा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, नाव छापून बंद केलेल्या पिशवीवर ५ टक्के लागतो. त्याहून मोठ्या पोत्यावर लागत नाही. म्हणजे एकाच मिलमधून निघालेली एकच डाळ, पण पोत्याच्या मापानं बिल बदलतं. हे तुला आपणहून सांगता आलं, की समोरचा माणूस चष्मा वर करून तुझ्याकडे बघेल. मग पगार विचारायला जीभही अडखळणार नाही.

कागदांचं आता. मूळ मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला कोणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत. दाखव, झेरॉक्सवर सही करून दे आणि मूळ परत पिशवीत. "राहू द्या आमच्याजवळ, सहा महिन्यांनी न्या" असं म्हणणाऱ्याला "घरी लागतात" सांगून उठ. नोकरी सोडायची वेळ आली की हेच कागद अडकवून बसवतात. डिपॉझिट, ड्रेसचे पैसे, ट्रेनिंगची फी असलं काही द्यायचं नाही. नोकरी देणारा तुला पैसे देतो, घेत नाही.

हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण आपल्या भागात अजूनही बाप पोरांना शाळेत शिपाई-मास्तर म्हणून लावायला नाहीतर सरकारी खात्यात चिकटवायला एकर-दोन एकर विकून पैसे मोजतात. पावती नाही, साक्षीदार नाही, आणि माणूस फोन उचलत नाही. तुझ्यासाठी बाबांनी असा विचार जरी बोलून दाखवला, तरी तू आडवी पड. वावर गेलं की ते परत येत नाही.

हे काम जमलं नाही तर दुसऱ्या वाटाही आहेत, त्या बिनपैशाच्या आहेत. शासनाच्या महास्वयंम पोर्टलवर नाव नोंदवून ठेव, आधार आणि मोबाइल लागतो, बस. अकोल्याला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावे त्यांच्याच मार्फत होतात. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० असं विद्यावेतन थेट खात्यात ठरवलं. आधी सहा महिने, पुढे अकरा महिने केले. तुझ्यासाठी सध्या जागा आहे का ते केंद्रात जाऊन विचार. पण ते शिकण्यापुरतं आहे, कायमची नोकरी नव्हे, हे डोक्यात ठेवून जा. बऱ्याच पोरांनी आशा लावून घेतली आणि मुदत संपल्यावर हिरमुसली. अनुभवाचा दाखला मात्र न विसरता घे, पुढच्या भेटीत तोच बोलतो.

पहिल्या महिन्याचं सांगते. डाळमिलच्या ऑफिसात तुला बहुतेक आधी काट्याच्या पावत्यांवर बसवतील. भरलेली गाडी काट्यावर चढते तेव्हा एक वजन, माल उतरवून रिकामी चढते तेव्हा दुसरं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ माल. त्यातून ओलावा, माती-काडी, बारदाना यांची वजावट. वाचायला सोपं, पण दुपारी दारात गाड्यांची रांग लागते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, हमाल मजुरीची चिठ्ठी मागतात आणि तेव्हाच एका गाडीचं रिकामं वजन दुसरीच्या पावतीवर पडतं. गाडीचा नंबर मोठ्यानं वाचून मगच आकडा लिही. ड्रायव्हर घाई करेल, करू दे. पावती फाडण्याआधी त्यालाच वजन वाचून दाखव. यानं भांडणं निम्मी होतात.

रोकड हातात आली तर देणाऱ्याच्या समोर मोज, आणि कोणाला दिली तर त्याच्या समोर त्याला मोजायला लाव. शेठ असो, शेठचा मुलगा असो. "घरचाच माणूस आहे" म्हणून व्हाउचर बाकी ठेवू नकोस. संध्याकाळी गल्ला जुळवूनच ऊठ. पाच रुपये कमी निघाले तरी त्याच दिवशी सांग, दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या पाच रुपयांवर कोणी विश्वास ठेवत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, कोऱ्या व्हाउचरवर सही नाही म्हणजे नाही. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, तुझ्या नावानं झालेल्या नोंदीचा जाब तुलाच विचारतील.

न कळलेलं विचार. एक छोटी वही ठेव, सांगितलेलं त्यात लिही, म्हणजे तेच ते विचारायची पाळी येत नाही. ऑफिसातल्या जुन्या बाईशी जमवून घे. चहा कोणाला कधी लागतो, शेठचा मूड कधी बिघडतो, कोणता व्यापारी पैसे बुडवतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. ती सुरुवातीला तुटक वागली तरी मनावर घेऊ नकोस, तिला वाटत असतं की ही पोरगी आपली जागा खायला आली.

आणि एक गोष्ट आईसमोर बोलता येत नाही म्हणून इथे सांगते. कोणी केबिनमध्ये उगाच बसवून ठेवलं, रात्री नको ते मेसेज केले, हात लावला, तर तुझं काही चुकलेलं नाही. लगेच मला सांग, मेसेज पुसू नकोस. २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. भाऊजींना काय वाटेल, लोक काय म्हणतील, याचा विचार माझ्यावर सोड. नोकऱ्या दुसऱ्या मिळतात.

कधी ही नोकरी सोडून अमरावतीला, पुण्याला गेलीस तर पीएफ काढून खायचा मोह टाळ. तोच बारा आकडी नंबर नव्या मालकाला दे आणि रक्कम तिकडे वळव. नोकरीची दहा वर्षं भरली की त्यातून पेन्शनचा हक्क लागतो, मधे काढलं की ती वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलच्या हप्त्यासाठी कोणी ही वर्षं घालवलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं.

राहिलं नेमणूकपत्र. "आपल्याकडे तसली पद्धत नाही" असं म्हणतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. भांडू नकोस, "बँकेत पगाराचं खातं काढायला लागतं, दादा" म्हणून गोडीनं माग. त्यात हुद्दा, पगार, कामाची वेळ, सुट्टी आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, एवढं असलं पाहिजे. मिळालं की आधी फोटो काढून मला पाठव. मी वाचून फोन करते, सही त्यानंतर कर.