३.४ मायनर पेंटाटॉनिक : पाच स्वर आणि त्यांचा षड्ज



ध्वनींची यादी म्हणजे भाषा नव्हे, हे आपण स्वनिमविचारात पाहिले. त्याच विधानाचा पडताळा आता कानाने घ्यावयाचा आहे. त्यासाठी जवळ पेटी असावी; नसल्यास मोबाइलवरील कीबोर्डही पुरेल.

पाश्चात्त्य संगीतातील 'मायनर पेंटाटॉनिक' ही स्वरश्रेणी पाच स्वरांची आहे : सा, कोमल ग, म, प, कोमल नि. ब्लूज वा रॉक शिकणारा गिटारवादक बहुधा हिच्यापासूनच आरंभ करतो. आपल्याकडे धानी रागाचे स्वर हेच. भीमपलासाचा आरोहही याच स्वरांचा. रिषभ व धैवत नसल्यामुळे लगतच्या दोन स्वरांत कोठेही अर्ध्या स्वराचे अंतर उरत नाही. म्हणून नवशिक्याचे बोट चुकले तरी ते कानाला फारसे बोचत नाही.

आता वादनाकडे वळू. मोबाइलवरील तानपुरा काळी २ मध्ये लावा आणि तीच पट्टी सा माना. मग काळी ३ हा कोमल गांधार, काळी ४ मध्यम, काळी ५ पंचम, आणि पुढच्या सप्तकातील काळी १ हा कोमल निषाद. त्यानंतरची काळी २ म्हणजे तार षड्ज. एकाही पांढऱ्या पट्टीला हात लागत नाही. काळी १ सर्वांत डावीकडे दिसते म्हणून अनेक जण तेथूनच सुरुवात करतात आणि फसतात.

ते फसणे मात्र फार बोधप्रद आहे. पट्ट्या त्याच ठेवा, केवळ तानपुरा बदला. षड्ज काळी ३ वर नेला की भूपाचे स्वर ऐकू येतात. काळी १ वरून दुर्गा, काळी ४ वरून मधमाद सारंग आणि काळी ५ वरून मालकंस. संगीतशास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. सोस्यूर यांची 'मूल्य' ही संकल्पना मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. परंतु ती मला खऱ्या अर्थाने कळली, ती एका संध्याकाळी या पाच काळ्या पट्ट्यांवर. एकही ध्वनी बदलला नव्हता, बदलला होता तो प्रत्येकाचा षड्जाशी असलेला संबंध.

तरीही स्वरश्रेणी म्हणजे राग नव्हे. सा ग म प नि सां असे नुसते वर-खाली धावणे म्हणजे मुळाक्षरे म्हणत राहणे. धानीत गांधाराला प्राधान्य आहे, भीमपलासात मध्यमाला. शिवाय भीमपलास परतताना रिषभ-धैवत घेतो : सां नि ध प म ग रे सा. म्हणजे चढताना पाचही पट्ट्या काळ्या, उतरताना मात्र पांढरी १ हा धैवत आणि पांढरी ४ हा रिषभ लागतोच. (काही कलावंत धानीतही उतरताना रिषभाचा ओझरता स्पर्श करतात; व्याकरणाला अपवाद येथेही आहेत.)

स्वयंअध्ययन : तानपुरा काळी २ मध्ये ठेवून 'मंद्र नि, सा, ग, म, ग, सा' हा लहान स्वरसमूह दहा मिनिटे संथपणे वाजवा आणि गांधारावर थोडे थांबा. नंतर तानपुरा बंद करून तोच समूह वाजवा, परंतु शेवट प्रत्येक वेळी निराळ्या स्वरावर करा. सा कोठे सरकल्यासारखा वाटला आणि कशामुळे, ते सहा-सात ओळींत लिहा.