डोंगराचे पाहुणे

नावात ‘पहाड’ असला, तरी दिल्लीच्या पहाडगंजमध्ये दिसते ती बाजारपेठेची गर्दी. समजा, तेथील एक मराठी दांपत्य मोटारीने खऱ्या पहाडाकडे निघाले आहे. गढमुक्तेश्वरजवळ गंगा ओलांडून, मुरादाबाद व काशीपूर मागे टाकून ते रामनगरला पोहोचते. येथील कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान १९३६ साली स्थापन झाले. भारतातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय. व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही १९७३ मध्ये येथूनच झाला. अरण्यात वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते, कारण तेथे घर वाघाचे आणि पाहुणे आपण!

पुढे कालाढुंगीमार्गे वळणावळणाचा घाट चढून दोघे नैनितालला येतात. तलावाचे सौंदर्य मन मोहून टाकते. परंतु १८ सप्टेंबर १८८० रोजी अतिवृष्टीने येथील कडा कोसळून १५१ माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यानंतर पावसाचे पाणी उतारात न मुरता तलावात जावे, म्हणून डोंगरावर नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. नाल्यात टाकलेली पिशवी पाणी अडवते आणि अडलेले पाणी डोंगर पोखरते. म्हणून हे दांपत्य आपला कचरा मोटारीतूनच परत नेते.

विचार करा : आपण प्रवासाला जातो, तेव्हा तेथे मागे काय ठेवून येतो?