जुन्या जीपचे खरे वय

डोंगरातल्या चिखलाच्या वाटेवर जीपसारखी चारही चाकांना जोर देणारी गाडी फार उपयोगी पडते. नवी परवडत नाही म्हणून कित्येक कुटुंबे साठवलेले पैसे घालून जुनी घेतात. विकणारा मीटर दाखवतो : ६०,००० किलोमीटर. हा आकडा खरा धरला, तरी त्यावरून इंजिनाची झीज कळते काय?

मीटर हा इंजिनाचे फेरे मोजत नाही. चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचा साधारण एक फेरा होतो. चढावर मात्र पहिला गिअर (समजा २.८ पट) आणि चारचाकी जोराचा खालचा गिअर (समजा २.५ पट) एकाच वेळी घालतात. २.८ × २.५ = ७. म्हणजे मीटरवर एक किलोमीटर चढतो, तेव्हा इंजिन सात किलोमीटरांइतके फिरलेले असते! म्हणून शेतात राबलेल्या जीपची परीक्षा वेगळ्या रीतीने करावी लागते.

आता डिझेल इंजिनाचे तत्त्व आठवा. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेटते. ३०० केल्विन तापमानाची हवा एकविसांशाइतकी नव्हे, बरोबर विसाव्या हिश्शाइतकी दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर

तापमान = ३०० × २०^०.४ = सुमारे ९९४ केल्विन, म्हणजे ७२१ अंश सेल्सिअस.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा झडपा नीट बसेनाशा झाल्या, की हवा निसटते. दाब व तापमान दोन्ही उतरतात. थंड इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे हवेला निसटायला आणि उष्णतेला भिंतींत जायला जास्त वेळ मिळतो. झिजलेले इंजिन सकाळी कुरकुरते ते यामुळेच.

म्हणून गाडी सकाळी पाहावी. बॉनेट आधीच गरम लागले, तर इंजिन थंड होऊ द्यावे आणि मगच सुरू करायला सांगावे. बराच वेळ झोंबणारा पांढुरका धूर आला, तर डिझेल न जळताच बाहेर पडत असावे. निळसर धूर म्हणजे वंगण जळते आहे. शेवटी जाणत्या मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. तो उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा. एकाच सिलिंडरचा दाब बराच कमी भरला, तर दोष तेथे आहे.

करून पाहा : सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा जोरात व भरभर ढकला. मग बोट किंचित सैल ठेवून तसेच करा. पंपाचे टोक कोणत्या वेळी जास्त तापते? हवा सोळाव्या हिश्शाइतकीच दाबली गेली, तर वरील तापमान किती येईल?

(उत्तर : सुमारे ९०९ केल्विन.)