वाफ दिसत नाही

सिंधुदुर्गातलं घर. पडवीत आबा, निवृत्त सुभेदार, शेतीसंरक्षणाची बाराबोर बंदूक सुटी करून बसलेत. काडतुसं आत कुलपात. नळी रिकामी असल्याची खात्री त्यांनी आणि ऋतूने केली आहे.

ऋतू : आबा, हे पेट्रोल घ्या. काजळी चटकन निघेल.

आबा : आधी ती बाटली बाहेर ने! आत चूल पेटलीय.

ऋतू : चूल तर पार तिकडे आहे.

आबा : पेट्रोल गोठवणाऱ्या थंडीतही पेटण्याजोगी वाफ सोडतं. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत चुलीपर्यंत जाते आणि जाळ घेऊन माघारी येते. रॉकेलला त्यासाठी 35 अंशांच्या वर तापावं लागतं. तरी तेही उघड्यावरच वापरायचं.

ऋतू : मग गॅरेजवाल्यांचा ब्रेक क्लीनर?

आबा : काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतो. ती वाफ जाळात सापडली की फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला तोच वायू. शिवाय दस्त्याचं पॉलिश जातं ते वेगळंच.

ऋतू : पण वास आला की कळेलच ना?

आबा : नाक थोड्या वेळात सरावतं. त्याच्यावर विसंबू नकोस. हातमोजे घाल.

ऋतू : मग रॉकेल नळीत ओतू?

आबा : ओतायचं नाही! चिंदी भिजवायची. फौजेत 4 बाय 2 इंचांची मोजून मिळायची. गजाला लावून मागच्या बाजूने घाल. मग कोरडी चिंदी, मग तेलाचा पातळ हात. द्रावक मळाबरोबर तेलही नेतो, आणि उघडं लोखंड आपल्या पावसात दोन दिवसांत गंजतं. निवडणुकीत जमा केलेली ही बंदूक परत आली ती तांबेरा धरून. तीस वर्षं जपली होती मी. कुणाला एक थेंब तेल लावावंसं वाटलं नाही!

ऋतू : शेजारच्या काकांची ठासणीची बंदूकही अशीच पुसायची?

आबा : तिला कढत पाणी. काळ्या दारूची राख क्षारांची. ती पाण्यात विरघळते, रॉकेलात नाही. लगेच कोरडी करून तेल.

ऋतू : आणि या चिंध्या? यांचीही वाफ आत जाईल?

आबा : जाईल. बाहेर दोरीवर एकेक पसर. दस्त्याला जवसाचं तेल लावलेली तर गोळा करून ठेवूच नकोस, ती आपोआप तापून पेटते.

ऋतू : बाटली?

आबा : घट्ट झाकण लावून सावलीत. आणि चहाआधी साबणाने हात धू. काजळीत शिसं असतं.

ऋतू : चूल विझली तरी बाहेरच?

आबा : तरी बाहेरच.