घड्याळ घेण्याआधी उलटं करून बघ

बाळा, सोलापूरच्या नवी पेठेत घड्याळाच्या दुकानात शिरलास की दोन्ही घड्याळं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला सांग. एक सेको ५ स्पोर्ट्स, दुसरं सिटिझन प्रोमास्टर एनवाय ००४०. दोन्ही जपानी, दोन्ही ऑटोमॅटिक. सेल नाही, हात हलला की आतलं वजन फिरतं आणि चावी बसते. आकार बेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, भोवती फिरती कडी, आत वार आणि तारीख. नुसत्या तोंडाकडे बघून निवड होणार नाही.

सिटिझनच्या डायलवर ‘डायव्हर्स २०० मीटर’ लिहिलेलं सापडेल. सेकोच्या डायलवर खोलीचा आकडाच नाही. तो बघायला घड्याळ उलटं करावं लागतं, आणि तिथे काचेतून दिसणाऱ्या मशीनभोवती बारीक अक्षरांत १० बार, म्हणजे सिटिझनच्या निम्मंच, लिहिलेलं असतं. सगळा फरक इथेच आहे. १९९६ साली आलेलं सेकोचं एसकेएक्स ००७ हे खरं पाणबुड्यांचं घड्याळ होतं, २०० मीटरचं, आटे फिरवून बंद होणाऱ्या चावीचं. २०१९ साली आलेल्या ५ स्पोर्ट्सनं त्याचं रूप घेतलं, पण चावी साधी, नुसती ओढायची आणि दाबायची. कुणी म्हणालं ‘तेच घड्याळ आहे’, तर चावी फिरवून बघ.

‘डायव्हर्स’ हा शब्द उगीच छापत नाहीत. त्यामागे आयएसओ ६४२५ हा नियम आहे. त्यात प्रत्येक नग सांगितलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाखाली तपासतात. अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, हीही अट आहे. तू दिवाळीत तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकायचं म्हणतोस. तिथे नवशिक्याला दहा-बारा मीटरपलीकडे कोण नेणार? तरीही पाठीवर सिलिंडर घेऊन उतरायचं असेल तर १० बारवर विसंबू नकोस. ते पोहायला, सिलिंडरशिवाय बुडी मारायला ठीक. पाणी आत जातं ते बहुधा चावीच्या वाटेनं, म्हणून आट्यांची चावी हवी.

आता हातानं तपासायच्या गोष्टी. कडी फक्त डावीकडे फिरली पाहिजे. पाण्यात धक्का लागून सरकली तर गेलेली मिनिटं जास्त दिसावीत, कमी नव्हे. माणूस लवकर वर येतो, एवढ्यासाठी ती सोय. कडीवरचा त्रिकोण बाराच्या खुणेसमोर नीट बसतो का बघ. सेकोच्या काही नगांत तो जरासा तिरका असतो, आणि एकदा दिसला की रोज खुपतो. दोन-तीन नग मागून घे, दुकानदाराला संकोचू नकोस. चकाकी बघायला घड्याळ उजेडात धर, मग ओंजळीत घेऊन आत डोकाव.

सेकोची चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदाला मिळवता येते. सिटिझनचा थांबत नाही. हा सेकोचा मोठा गुण, आणि रोज कचेरीत घालायचं असेल तर मी तेच घ्यायला सांगेन. पाण्यात जायचं असेल तर सिटिझन, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याची चावी आठाच्या बाजूला आहे. पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण मनगट मागे वाकवलं तरी ती टोचत नाही. दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक दोन्हींत चालायचा. त्यावर भांडू नकोस.

तुझ्या आजोबांचं एचएमटी आठवतं? हिंदुस्थान मशीन टूल्सनं १९६१ साली बंगळूरला घड्याळं करायला घेतली ती सिटिझनच्याच मदतीनं. सिटिझनचं हे मशीनही साधं आणि दणकट आहे, ते खोलणारा हात मिळतो. पण ज्याच्याकडे देशील त्याला आधी विचार, पाण्याच्या दाबाची चाचणी करायचं यंत्र आहे का? नसेल तर झाकण उघडूच देऊ नकोस. एकदा उघडलं की रबराची रिंग नवी घालून चाचणी केल्याशिवाय ते पाण्यात न्यायचं नाही.

आट्यांची चावी लावताना आधी उलटी फिरव. आटे जागेवर आल्याचं बोटाला कळतं, मग सुलटी. जबरदस्ती केली की आटे मरतात. रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये तारीख चावीनं बदलू नकोस, आतली दातेरी चाकं अडकलेली असतात. दुकानातही आधी काटे सहावर आणून मगच तारीख फिरव. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात धू, चावी बंद ठेवून. सोलापूरच्या उन्हाळ्यातला घामही तसाच खारा. एप्रिल-मेमध्ये रबरी पट्टा रोज धुवायचा.

बिलावर मॉडेल क्रमांक आणि पाठीवरचा अनुक्रमांक दोन्ही लिहून घे, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का तुझ्यासमोर मारून घे.