बरोबरीचा डाव



बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की 'निकालच लागला नाही' असे आपण म्हणतो. एखादे प्यादे कमी झाले की लगेच पट आवरणारेही आपल्यात आहेत. या दोन्ही सवयी नुकसानीच्या आहेत.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशच्या ३८ वर्षांच्या कोनेरू हम्पी समोरासमोर होत्या. घरी मराठी व बाजारात तेलुगू बोलणाऱ्या आपल्या आदिलाबादकरांना दोघीही जवळच्याच! २६ व २७ जुलैचे डाव बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याचे पारडे जड होते, तरी हम्पींनी तो वाचवला. २८ जुलैला जलद डाव झाले. त्यातला पहिला पुन्हा बरोबरीत सुटला. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. अडीच विरुद्ध दीड गुणांनी ती विजेती ठरली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. म्हणजे चारपैकी तीन डाव बरोबरीचे होते!

बरोबरी कशी होते? दोघांच्या संमतीने, तीच स्थिती तीनदा आल्यास, किंवा प्यादे न हलता व मोहरे न मरता दोघांच्या ५०-५० चाली झाल्यास. आणखी एक प्रकार म्हणजे राजाची कोंडी : शह नाही, पण नियमाला धरून एकही चाल उरलेली नाही.

आता पट मांडा. पांढरा राजा डी-६, पांढरे प्यादे ई-६, काळा राजा ई-८.

पांढऱ्याची चाल असेल तर : प्यादे ई-७. काळ्या राजाला एफ-७ हे एकच घर उरते. मग पांढरा राजा डी-७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो.

काळ्याची चाल असेल तर : राजा डी-८. आता प्यादे ई-७ वर येऊन शह देते. काळा राजा ई-८ वर परततो. प्यादे राखायला पांढरा राजा ई-६ वर आला की कोंडी झाली! डाव बरोबरीत.

मोहरी तीच, घरे तीच. फरक फक्त पाळी कोणाची याचा. म्हणून प्यादे कमी असले तरी पट आवरू नये, आणि जास्त असले तरी गाफील राहू नये. पालकांनीही मुलाने आणलेला अर्धा गुण कसा मिळाला, हे त्याला पटावर मांडून दाखवायला सांगावे.

स्वाध्याय : पांढऱ्याचे प्यादे कडेच्या 'ए' पट्टीत आहे आणि काळा राजा ए-८ च्या कोपऱ्यात पोचला आहे. पांढरा जिंकेल का? पटावर खेळून पाहा.