मालमोटारीच्या इंजिनातील पाणी व वंगण

मावळ तालुक्यातील शिरगाव-सोमाटणे भागातून भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजारास जाणाऱ्या मालमोटारीची परीक्षा होते ती परतीच्या वाटेवर. जाताना बोरघाट उतरावयाचा असतो. परत येताना मात्र खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे ५५० मीटरची उंची खालच्या गिअरमध्ये चढून यावी लागते. त्यातून खताची वा सिमेंटची पोती भरलेली असली, म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी कमी असल्याचे चालकास तेथेच कळून येते.

अशा वेळी रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. हे झाकण आतील पाणी दाबाखाली ठेवीत असल्याने ते १०० अंश सेल्सिअसच्या वर तापले तरी उकळत नाही. झाकण निघताच दाब सुटतो आणि पाणी वाफेसह अंगावर उसळते. मोटार कडेला घेऊन इंजिन पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो, आणि त्याचा खर्च एका खेपेच्या भाड्यात भागत नाही.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी भरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. पाणी तापविण्याच्या भांड्यास आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच थर या पाण्यातील क्षारांमुळे इंजिनातही धरतो व उष्णता बाहेर पडेनाशी होते. मावळात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशास हवे, असा प्रश्न केला जातो. गोठण न होऊ देणे हे कूलंटचे एकच काम नव्हे. त्याने गंज थांबतो, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि डिझेल इंजिनाच्या लायनरला बाहेरून बारीक छिद्रे पडण्याचे टळते. उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात ते क्षारविरहित पाण्यात मिसळून वापरावे. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा उपाय काही कारागीर सुचवितात. तो उपाय नव्हे. त्याने इंजिन थंड राहून इंधन अपुरे जळते व झीज वाढते.

वंगणाची पातळी मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पाहावी. डिझेल इंजिनातील ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते. तो काजळीचा परिणाम असून त्यात भिण्यासारखे काही नाही. पट्टीवरील ऑइल दुधाळ दिसले मात्र मोटार हलवू नये. हेडचे गॅसकेट किंवा ऑइल कूलर निकामी होऊन पाणी वंगणात उतरल्याची ती खूण होय. असे वंगण बेअरिंगचे रक्षण करीत नाही. बाहेर कोठे गळती नसताना पाणी दररोज कमी होत असेल, तरी हाच संशय घ्यावा. ऑइल कूलर फुटल्यास उलटही घडते: इंजिन चालू असताना वंगणाचा दाब अधिक असल्याने ते पाण्यात शिरते आणि रेडिएटरमध्ये तेलकट साय दिसते. भातलावणीच्या दमट दिवसांत, जवळच्याच फेऱ्या करणाऱ्या मोटारीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस धरतो; पट्टीवरील ऑइल स्वच्छ व पाण्याची पातळी स्थिर असल्यास तो केवळ दवाचा असतो व लांबच्या खेपेनंतर नाहीसा होतो.

कूलंट बदलताना जुने द्रव अंगणात सोडू नये. त्यातील ग्लायकॉल गोडसर व विषारी असते. कुत्री आणि गुरे ते चाटतात. ते डब्यात धरून झाकून ठेवावे, आणि जुने ऑइल त्यात न मिसळता वेगळ्या डब्यात साठवावे.